काठावरचा घोडा

मैत्रिणींनो, बुद्धिबळ हा शब्द दिसला की आपल्यापैकी बऱ्याच जणी पान उलटतात. 'ते काही आपलं काम नाही बाई,' असे म्हणून लोणच्याच्या कृतीकडे वळतात. आज तशा वळू नका. लोणचे कुठे पळून जात नाही. आज मी तुम्हांला एका डावाची गोष्ट सांगणार आहे. डाव आहे तेरा वर्षांखालील मुलींच्या जिल्हा अजिंक्यपदाचा, आणि गोष्ट आहे त्याच्या पहिल्या नऊ चालींची. तिच्यात एक तळलेली कलेजीही आहे. पण शाकाहारी मैत्रिणींनी बिचकू नये, ती खायची नाही!

आमची धाकटी दुसरीत असल्यापासून बुद्धिबळ खेळते. मी स्वतः खेळणारी नव्हे. माहेरी आजोबा ओसरीवर देशी पद्धतीने खेळत, तेवढीच माझी ओळख. त्या पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचे. राजाला हत्तीच्या आडोशाला नेण्याची सोय नव्हती. त्याला फक्त एकदाच घोड्यासारखी उडी मारण्याची मुभा असे. त्यामुळे दोन्हीकडची सैन्ये समोरासमोर यायलाच पाऊण तास लागे, आणि तोवर आजोबांचे दोन विडे चघळून होत. धाकटी शिकते ते आंतरराष्ट्रीय नियमांनी. यात प्यादे पहिल्या चालीला दोन घरे जाऊ शकते आणि तिसऱ्या-चौथ्या चालीलाच भांडण जुंपते. म्हणूनच या खेळात डावाच्या सुरुवातीला, म्हणजे मुले ज्याला 'ओपनिंग' म्हणतात त्याला, भारी महत्त्व.

ओपनिंगमध्ये करायचे काय? कामे तीनच. पटाच्या मधल्या चार घरांवर आपला हात ठेवायचा, घोडे-उंट घरातून बाहेर काढायचे, आणि राजाला लवकर कोपऱ्यात सुरक्षित बसवायचे. सकाळी सहाला स्वयंपाकघरात शिरणाऱ्या बाईला हे वेगळे समजावून सांगायला नको. कणीक भिजलेली आहे, भाजी चिरलेली आहे, कुकर चढलेला आहे, मग पुढे पाहुणे येवोत की नळाचे पाणी जावो, आपण निभावून नेतो. पण कुकरच लावला नाही आणि चिरोट्यांचा घाट घातला, तर काय होईल ते तुम्हीच सांगा!

मुलांना बहुतेक ठिकाणी पहिल्यांदा शिकवतात ती इटालियन सुरुवात. नाव इटालियन, कारण सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या इटलीतल्या खेळाडूंनी ती खेळून, लिहून ठेवली. दोघेही राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकतात. पांढरा एक घोडा काढतो, काळाही एक घोडा काढतो. मग पांढरा आपला उंट तिरपा बाहेर आणून असा बसवतो, की त्याची नजर काळ्याच्या एका दुबळ्या घरावर पडते. राजाशेजारच्या उंटापुढचे जे प्यादे, ते हे घर. मुले त्याला 'एफ-७' म्हणतात. सुरुवातीला त्या बिचाऱ्याला राजाखेरीज दुसऱ्या कुणाचाच जोर नसतो.

काळ्याने उत्तरादाखल दुसराही घोडा बाहेर काढला, की पांढऱ्याला मोह होतो. आपला एकदा काढलेला घोडा तो पुन्हा उचलतो आणि थेट पुढे घुसवतो. आता उंट आणि घोडा, दोघांचा रोख त्या एका प्याद्यावर! काळा आपले वजिरापुढचे प्यादे मध्ये घालून उंटाची वाट अडवतो, पांढरा ते मारतो. इथे नवशिक्या मुलाला वाटते, त्याचे प्यादे आपण घोड्याने मारू या, हिशेब फिटला. तसे त्याने केले, की पांढरा घोडा धाडकन एफ-७ वर उडी घेतो. एकाच वेळी वजीर आणि हत्ती दोघांवर चाल! म्हणून राजाला स्वतः पुढे येऊन त्याला मारावे लागते. लगेच पांढऱ्या वजिराचा शह. मधला घोडा वाचवायचा तर राजाला पटाच्या मध्यभागी चालत जावे लागते, आणि मग चहूबाजूंनी त्याची शिकार सुरू होते. या हल्ल्याचे इंग्रजी नाव 'फ्राइड लिव्हर', म्हणजे तळलेली कलेजी. इटालियनमध्ये त्याला 'फेगाटेल्लो' म्हणतात. अर्थ तोच, कलेजीचा तुकडा. लहान मुलांच्या स्पर्धेत जा, दर चार पटांआड एका पटावर ही कलेजी शिजत असते.

२०२३ च्या मे महिन्यात एका खुल्या स्पर्धेत आमच्या धाकटीची अशी कलेजी झाली. तीही तिच्याहून दोन वर्षांनी लहान मुलाकडून, आणि अवघ्या सतरा चालींत. बाहेर आली ती डोळे कोरडे ठेवून. एस.टी.त बसली, गाडी स्टँडातून बाहेर पडली, आणि मग जी रडायला लागली ती घर येईपर्यंत. मागच्या बाकावरच्या आजी मला विचारू लागल्या, "काय झालं हो पोरीला? मार लागला का?" मी म्हटले, "हो, लागला."

घरी आल्यावर जे झाले, ते तुमच्यापैकी अनेकींच्या घरी झाले असेल. मुलगी सातवीत गेलेली. हे जेवता जेवता म्हणाले, "आता पुढच्या वर्षी आठवी. अभ्यास वाढणार. दर सुट्टीच्या दिवशी कुठल्या गावाला जायचं, फी भरायची, आणि येताना रडत यायचं! छंद म्हणून झालं तेवढं पुरे नाही का?" हे काही दुष्टपणाने बोलत नव्हते, मैत्रिणींनो. मुलीचे रडणे त्यांना बघवत नव्हते, आणि हिशेब तर खराच होता. पण माझ्या डोळ्यांपुढे तिचा बुद्धिबळाचा वर्ग उभा राहिला. ती दुसरीत असताना त्या वर्गात नऊ मुली होत्या. सातवीत दोघी उरल्या होत्या. मुले मात्र होती तेवढीच होती, वाढलीच होती. गेलेल्या सात जणींपैकी एकीलाही खेळ नको झाला नव्हता. कुणाला सोबत कोण जाणार म्हणून, कुणाला क्लासची वेळ संध्याकाळची म्हणून, कुणाला आता 'मोठी झाली' म्हणून बसवले होते. सात घरांत सात वेगवेगळी कारणे, आणि प्रत्येक कारण ऐकताना पटण्यासारखे.

मी बोलणार, एवढ्यात सासूबाई बोलल्या. तुम्हांला वाटेल, त्यांनी मुलाचीच बाजू घेतली असेल. छे! ताटातला भात कालवता कालवता त्या म्हणाल्या, "अरे, मी गिरगावातली. खाडिलकरांच्या तिघी बहिणी विसरलास का तू?" आणि मग त्यांनी नातीला गोष्ट सांगितली. १९७४ साली बायकांची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा झाली, ती वासंती खाडिलकरने जिंकली. मग जयश्री, मग रोहिणी. पहिली दहा वर्षे ते विजेतेपद या तिघी बहिणींच्या घराबाहेर गेलेच नाही. आणि सगळ्यांत धाकटी रोहिणी १९७६ साली, तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसली. केवढी खळबळ उडाली! बाईने पुरुषांच्या स्पर्धेत खेळावे का, यावर वाद झाला, आणि जागतिक संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना निवाडा द्यावा लागला, की राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खेळण्यापासून बाईला अडवता येणार नाही.

"तेरा वर्षांची पोर होती," सासूबाई म्हणाल्या. "तीही हरून कधी रडली असेलच की! म्हणून तिच्या वडिलांनी पट माळ्यावर टाकला असता तर?"

यांनी मान खाली घालून वरण वाढून घेतले. विषय तिथे संपला नाही, पण लांबणीवर पडला. ठरले असे, की जुलैतली जिल्हा अजिंक्यपद स्पर्धा खेळायची, आणि पुढचे पुढे.

जूनमध्ये तिच्या सरांनी तिला त्या कलेजीवरचा उतारा शिकवला. रोज रात्री ती तो मला समजावून सांगायची, म्हणून मलाही पाठ झाला. ऐकायला उलटाच वाटतो. पांढऱ्याने मधले प्यादे मारले ना? ते परत मारायचेच नाही! त्याऐवजी आपला पहिला घोडा उचलायचा आणि पटाच्या अगदी काठावर, ए-५ या घरात, नेऊन ठेवायचा.

आता गंमत बघा. हेच सर पाच वर्षे मुलांना बजावत आले होते, की घोडा काठावर नेऊ नका. घोडा पटाच्या मध्यावर असला तर आठ घरे बघतो, काठावर असला तर चारच, आणि कोपऱ्यात असला तर दोनच. धाकटीने विचारलेही, "सर, तुम्हीच म्हणता ना, काठावरचा घोडा आंधळा?" सर म्हणाले, "खरं आहे. पण तिथे बसून तो कुणाला धाक घालतो ते बघ की!" तो धाक असतो पांढऱ्याच्या त्या उंटाला, ज्याच्या जोरावर सारी कलेजी शिजायची असते. उंट पळतो आणि शह देतो. मध्ये प्यादे घालायचे. तो ते मारतो, आपण त्याचे मारायचे. त्याबरोबर उंटावर पुन्हा चाल; तो माघारी. मग कडेचे प्यादे एक घर पुढे, की घुसलेला घोडा माघारी. मग राजाचे प्यादे पुढे, की तोच घोडा पुन्हा पळता!

हिशेब मांडला तर आपली दोन प्यादी गेली, त्याचे एक गेले. म्हणजे आपण एका प्याद्याने नुकसानीत. पण त्याच्या पहिल्या दहा चाली मोजा. उंटाच्या तीन, घोड्याच्या चार आणि एकाच प्याद्याच्या तीन. झाल्या की दहा! उरलेले सगळे सैन्य घरातच बसलेले. इकडे आपले दोन्ही घोडे बाहेर, उंटांना वाटा मोकळ्या. सर म्हणाले, "प्यादं देऊन आपण वेळ विकत घेतला. आता तो वेळ वाया घालवू नकोस." जुन्या काळचे मोठे जर्मन खेळाडू टाराश यांनी पांढऱ्याच्या त्या घोडा घुसवण्याला कच्च्या खेळाडूची चाल म्हणून हिणवले होते म्हणे. पण कच्च्या चालीलाही उत्तर माहीत नसेल तर माणूस सतरा चालींत गारद होतो, हे आमच्या घराला ठाऊक झाले होते.

जुलैतली स्पर्धा दोन दिवसांची, सहा फेऱ्यांची. पद्धत 'स्विस'. म्हणजे हरले म्हणून कुणी बाद होत नाही. जिच्याजवळ जितके गुण, तिची गाठ साधारण तितक्याच गुणांच्या मुलीशी घालून देतात. जिंकल्यास एक गुण, बरोबरीला अर्धा. पहिल्या दोघींना राज्य स्पर्धेला पाठवणार होते. पाच फेऱ्यांनंतर आमच्या धाकटीचे चार गुण झाले, आणि सहाव्या फेरीत तिची गाठ पडली साडेचार गुणांच्या मुलीशी. आमची जिंकली तर पहिल्या दोघींत, नाहीतर नाही. मोहरे काळे.

पालकांना आत सोडत नव्हते, आणि ते बरेच म्हणायचे. दोघींनी हस्तांदोलन केले, घड्याळ सुरू झाले, दार लागले. प्रत्येकीला एक तास आणि दर चालीमागे ३० सेकंद वाढीव. मोहऱ्याला हात लावला की तेच चालवायचे. प्रत्येक चाल स्वतःच्या हाताने कागदावर लिहायची. बाहेर पाऊस, व्हरांड्यात ओल्या छत्र्या, आणि सतरंजीवर आम्ही आया.

माझ्या शेजारी बसली होती तीच, समोरच्या मुलीची आई. तालुक्याच्याही पलीकडच्या गावाहून पहाटेच्या पहिल्या गाडीने आली होती. मी दशम्या काढल्या, तिने धपाटे काढले. आत लेकी लढत होत्या आणि बाहेर आमची चटणीची देवाणघेवाण चालू होती. ती म्हणाली, "ताई, एक सांगू? माझी राज्याला गेली ना, तर घरचे आणखी एक वर्ष खेळू देतील. नाहीतर हे शेवटचंच. सासऱ्यांनी सांगूनच पाठवलंय." मी काय बोलणार? माझ्याही घरी 'पुढचे पुढे' असेच ठरले होते. मी तिच्या हातावर आणखी एक दशमी ठेवली.

इतक्यात डाव लवकर संपलेली एक छोटी मुलगी बाहेर आली आणि माझ्याजवळ येऊन ओरडली, "काकू, तिच्यावर घोडा घुसवलाय! जी-५ ला!" माझ्या पोटात गोळा आला. शेजारणीला त्यातले काही कळत नव्हते, ती विचारू लागली, "चांगलं असतं का ते?" मी म्हटले, "तुमच्या मुलीसाठी चांगलं." मी मनातल्या मनात म्हणत होते, काठावर ने गं, काठावर ने! पण तिथे माझ्या म्हणण्याला काय अर्थ? मुलीला आपण डबा भरून देतो, पाण्याची बाटली देतो, रुमाल देतो, फार तर नऊ चाली पाठ करून घेतो. दार लागल्यावर मोहऱ्याला हात तिचाच लागतो.

दीड तास झाला, दोन तास झाले. एकेक पट उठत गेला. शेवटी या दोघींचाच पट उरला. अडीच तासांनी दार उघडले आणि दोघी बरोबरच बाहेर आल्या. डाव बरोबरीत सुटला होता.

परतीच्या गाडीत तिने मला चालींचा कागद दाखवला. काठावर नेलेला घोडा पाचव्या चालीला होता, जसा हवा तसा. पुढच्या चालीही अगदी पाठाप्रमाणे. ती म्हणाली, "आई, नवव्या चालीला माझं पुस्तक संपलं. सरांनी तेवढंच शिकवलं होतं. मग मी चौदा मिनिटं नुसती बघत बसले." त्या चौदा मिनिटांनंतर तिने आपला उंट बाहेर काढून त्या पळत्या घोड्यावर रोखला होता. दुसऱ्या दिवशी सरांनी सांगितले, की पुस्तकातही पुढे हीच चाल दिलेली आहे. तिला ते माहीत नव्हते. तिने ती शोधली होती.

विसाव्या चालीच्या सुमाराला समोरच्या मुलीने बरोबरी विचारली, आणि आमचीने मान हलवून नकार दिला. जिंकल्याखेरीज उपयोग नव्हता ना! मग तिचा हल्ला हळूहळू ओसरत गेला, समोरच्या मुलीनेही चिवट बचाव केला, आणि ते दिलेले एक प्यादे शेवटी जड होऊ लागले. उरले काय, तर प्रत्येकीचा एकेक हत्ती आणि मूठभर प्यादी, त्यातही आमचीचे एक कमी. तिथून ती एक तास लढली, आता जिंकण्यासाठी नव्हे, न हरण्यासाठी. शेवटी सगळे मोहरे संपून पटावर फक्त दोन राजे उरले. दोघींनी हात मिळवले, कागदांवर सह्या केल्या आणि उठल्या.

समोरच्या मुलीचे पाच गुण झाले, तिला राज्य स्पर्धेला जायला मिळाले. पाच गुणांची आणखी एक होती. आमची साडेचार गुणांवर तिसरी. निघताना त्या मुलीच्या आईने माझा हात धरला, पण बोलली काहीच नाही. माझ्या मनात काय चालले होते ते मला आजही नीट सांगता येणार नाही. आपल्या मुलीचे राहिले याचे वाईट वाटत होते, आणि त्या दुसरीला आणखी एक वर्ष मिळाले याचा आनंदही होत होता. दोन्ही अगदी खरे.

धाकटी त्या दिवशी रडली नाही. घरी शिरताच तिने कागद आजीपुढे धरला, आणि आजीने चष्मा पुसून, काही कळत नसताना, तो वरपासून खालपर्यंत वाचला. यांनी रात्री विचारले, "सतरा चालींत हरणारी तू, आज किती चाली झाल्या?" ती म्हणाली, "एकाहत्तर." त्यानंतर 'पुरे' हा शब्द आमच्या घरात निघाला नाही. ती अजून खेळते. राज्य स्पर्धेपर्यंत एकदा पोचली, पुढे गेली नाही. मोठी खेळाडू होईल की नाही, देव जाणे.

मोठ्या खेळाडूंचीही गोष्ट आपल्या जवळचीच आहे बरं का. नागपूरच्या दिव्या देशमुखने जून २०२४ मध्ये गांधीनगरला वीस वर्षांखालील मुलींचे जागतिक अजिंक्यपद अकरापैकी दहा गुणांनी जिंकले. जुलै २०२५ मध्ये, जॉर्जियातल्या बाटुमीला, महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम लढतीत तिने कोनेरू हंपीला हरवले आणि ती ग्रँडमास्टर झाली. वय १९. डाव संपल्यावर ती काय करताना दिसली? आईच्या गळ्यात पडून रडताना. ते दृश्य टीव्हीवर पाहून आमच्या सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मी मात्र त्या माउलीने आजवर किती व्हरांड्यांत वाट पाहिली असेल, याचाच विचार करत राहिले.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या घरात एखादी पट मांडून बसणारी असेल, तर चार गोष्टी सांगते. महाग पट घेऊ नका. गुंडाळून पिशवीत टाकता येणारा साधा पट पुरतो, त्यापेक्षा चाली लिहायला एक जाड वही द्या. तिला युक्त्या शिकवण्याआधी ती तीन कामे शिकवा: मध्य धरणे, मोहरे काढणे, राजा सांभाळणे. युक्ती समोरच्याला ठाऊक असली की फुकट जाते, ही कामे कधी फुकट जात नाहीत. आठवी आली, नववी आली, की खेळ बंद करण्याचे कारण तुमच्याही घरात कुणाला तरी सुचेल, आणि ते पटण्यासारखेच असेल. अशा वेळी आधी तिला विचारा. तिने नाही म्हटले तर प्रश्न मिटला. हो म्हटले, तर महिन्यातले दोन रविवार तिच्या नावावर लिहून टाका. घरातले एखादे काम त्यापायी मागे पडेल, पडू दे. प्यादे देऊन वेळ घेण्याची चाल आपल्यालाही जमायला हरकत नाही.

आणि डाव संपवून मुलगी दाराबाहेर आली की 'जिंकलीस का?' असे एकदम विचारू नका. ते तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलेच असते. आधी पाणी द्या, काहीतरी खायला द्या. मग म्हणा, "दाखव बरं कागद. तुझं पुस्तक कितव्या चालीला संपलं?"